जवळची शाळा



गावात दोन भावांमध्ये अबोला पडला, की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "बांधावरून का?" कुणी वीतभर बांध कोरला, की त्यावरून दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. अमेरिकेतल्या उपनगरात घर घेतलं की वाटतं, ही भानगड आता मागे राहिली. मग एके दिवशी स्कूल डिस्ट्रिक्टची ईमेल येते. सोबत नकाशा असतो. नकाशावर एक नवी रेषा असते आणि ती नेमकी आपल्या घराजवळून गेलेली असते. रेषेच्या पलीकडची मुलं जुन्याच शाळेत राहणार, अलीकडची दुसऱ्या शाळेत जाणार. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडलेला असतो आणि पुढच्या आठवड्यात बोर्डाच्या मीटिंगला बसायला खुर्ची मिळत नाही.

आज या रेषेचा थोडा इतिहास तुमच्यापुढे ठेवायचा आहे. अशी ईमेल तुम्हाला नुकतीच आली असेल, तर मीटिंगला जाण्याआधी हा इतिहास माहीत असलेला बरा.

आधी ही रेषा काय असते ते पाहू. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सरकारी शाळा निवडायची नसते, पत्त्यावरून ती ठरते. तुमचं घर ज्या हद्दीत, ती तुमची शाळा. नवी घरं उठली, एखादी शाळा तुडुंब भरली, दुसरी रिकामी पडली किंवा नवी बांधली, की हद्दी पुन्हा आखाव्या लागतात. त्या आखतं स्कूल बोर्ड, म्हणजे बहुतेक ठिकाणी निवडून आलेले पाच ते नऊ जण. आखण्याआधी जनसुनावणी होते. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. आणि देशातल्या कुठल्याही सुनावणीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "माझ्या मुलाला जवळच्या शाळेत जाऊ द्या."

हे वाक्य जुनं आहे. ते वेगवेगळ्या काळात कोणाकोणाच्या तोंडी आलं, ते बघा.

न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन. आपल्यापैकी कित्येक जण तिच्यावरून रोज ट्रेनने जातात. १९४३ साली तिथे ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लिन विल्यम्स नावाच्या दोन कृष्णवर्णीय आया आपल्या मुलांचा प्रवेश घ्यायला ज्युनियर स्कूल नंबर दोनमध्ये गेल्या. शाळा घराजवळ होती. शाळेने नकार दिला. ही शाळा तुमच्या मुलांसाठी नाही, तुमची ती लिंकन स्कूल, असं त्यांना सांगण्यात आलं. लिंकन स्कूल दूर होती आणि फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेली होती. वंशावरून मुलाला शाळेत प्रवेश नाकारायचा नाही, असा कायदा न्यू जर्सीत १८८१ पासून होता. कागदावर तो होता, ट्रेंटनमध्ये मात्र रेषा माणसाच्या रंगावरून आखली जात होती. या दोघी कोर्टात गेल्या. रॉबर्ट क्वीन नावाच्या वकिलाने त्यांची बाजू लढवली आणि १९४४ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे त्याच शाळेला या दोघींची आडनावं देण्यात आली.

म्हणजे 'जवळची शाळा' ही तेव्हा कृष्णवर्णीय आईची मागणी होती. दाराशी शाळा असताना माझं मूल लांब का पाठवता, असा तिचा सरळ सवाल होता. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, ब्राउन खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावर आधारलेल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्या खटल्यातही कॅन्सस राज्यातल्या टोपिका गावच्या लिंडा ब्राउनला जवळची समनर शाळा सोडून लांबच्या शाळेत जावं लागत होतं.

ट्रेंटनहून थोडं वर आलं की प्रिन्स्टन लागतं. विद्यापीठाचं गाव. तिथेही दोन शाळा होत्या. नॅसाऊ स्ट्रीटची गोऱ्यांची, विदरस्पून स्ट्रीटची कृष्णवर्णीयांची. न्यू जर्सीने १९४७ मध्ये नवी राज्यघटना केली आणि सरकारी शाळांतल्या वंशभेदाला त्यात स्पष्ट मनाई केली. मग १९४८ मध्ये प्रिन्स्टनने एक सोपी युक्ती केली. दोन्ही शाळांची हद्द एक केली आणि वाटणी इयत्तांवर केली. पाचवीपर्यंतची सगळी मुलं नॅसाऊ स्ट्रीटला, सहावी ते आठवी सगळी विदरस्पूनला. विदरस्पूनचे कृष्णवर्णीय मुख्याध्यापक हॉवर्ड वॅक्सवूड तिथेच मुख्याध्यापक राहिले. आता त्यांच्या शाळेत गावातल्या गोऱ्या प्राध्यापकांची मुलंही आली. ती इमारत आजही उभी आहे. तिच्यात सदनिका झाल्या आहेत आणि तिचं नाव आहे 'द वॅक्सवूड'.

आपल्याला ही कल्पना नवी वाटू नये. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला होता. एका बाकावर कोण कोणाशेजारी बसतो, यावर समाज ठरतो, हे त्यांना कळलं होतं.

प्रिन्स्टनची ही पद्धत पुढे 'प्रिन्स्टन प्लॅन' म्हणून ओळखली गेली. १९६३-६४ मध्ये न्यूयॉर्क शहराने ती उचलली, आणि तिथून आपली गोष्ट एका ओळखीच्या वस्तीत जाते. ती वस्ती म्हणजे क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स.

आज जॅक्सन हाइट्स म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावरची साड्यांची आणि सोन्याची दुकानं, किराणा, पानाची टपरी. सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेल्या मंडळींना भारतात न्यायला २२० व्होल्टची उपकरणं मिळायची ती इथेच. पण १९६३ मध्ये यातलं काही नव्हतं. आपल्याला इथे येण्याचं दार उघडणारा इमिग्रेशन कायदाच १९६५ चा. तेव्हाचं जॅक्सन हाइट्स गोऱ्या मध्यमवर्गाचं होतं. आत बागा असलेल्या तिथल्या देखण्या इमारती ज्या कंपनीने बांधल्या, तिने ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना घरं न देण्याचा दंडक घातला होता. ज्यू कुटुंबांसाठी तो नंतर सैल झाला, कृष्णवर्णीयांसाठी तसाच राहिला. पूर्वेला जंक्शन बुलेवार्ड नावाचा रस्ता आणि त्याच्या पलीकडे कोरोना. कोरोनात आणि शेजारच्या ईस्ट एल्महर्स्टमध्ये कृष्णवर्णीय मध्यमवर्ग राहायचा. लुई आर्मस्ट्राँगचं घर कोरोनात होतं, माल्कम एक्सचं ईस्ट एल्महर्स्टमध्ये. जंक्शन बुलेवार्ड हीच दोन वस्त्यांमधली शीव.

या शिवेच्या दोन बाजूंना दोन प्राथमिक शाळा होत्या. अलीकडे पीएस १४९, जवळजवळ सगळी मुलं गोरी. पलीकडे पीएस ९२, जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय. दोन्ही शाळा एकाच चौतिसाव्या ॲव्हेन्यूवर. एक त्र्याण्णवाव्या रस्त्यापाशी, दुसरी नव्व्याण्णवाव्या. चालत गेलात तर दहा मिनिटं पुरतात.

या दोन शाळा प्रिन्स्टनसारख्या जोडायच्या, लहान इयत्ता एकीकडे आणि मोठ्या दुसरीकडे, असा प्रस्ताव आला आणि जॅक्सन हाइट्स पेटलं. पालकांनी संघटना काढली. तिचं नाव 'पेरेंट्स अँड टॅक्सपेअर्स', म्हणजे पालक आणि करदाते. नावातच सगळं आलं. आम्ही नुसते पालक नाही, पैसे भरणारे आहोत. संघटना बघताबघता शहरभर पसरली. रोझमेरी गनिंग नावाच्या बाई तिच्या नेत्या झाल्या आणि पुढे त्या राज्याच्या विधानसभेतही निवडून गेल्या. संघटनेचं म्हणणं एकच होतं : जवळच्या शाळेवर आमच्या मुलांचा हक्क आहे.

दुसरी बाजूही गप्प नव्हती. ३ फेब्रुवारी १९६४ ला बेयार्ड रस्टिन यांच्या संयोजनाखाली न्यूयॉर्कमध्ये शाळाबंद झाला. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन पालकांनी पुकारलेल्या या बंदमध्ये त्या एका दिवशी साडेचार लाखांहून अधिक मुलं शाळेत गेली नाहीत. आदल्या वर्षीच्या वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध मोर्चापेक्षा ही संख्या मोठी होती. पुढच्याच महिन्यात, १२ मार्चला, दहा हजारांहून अधिक गोरे पालक ब्रुकलिन ब्रिजवरून सिटी हॉलवर चालून गेले. त्यांत बहुतांश आया होत्या. आंदोलनाचा अनुभव बहुतेकींना नव्हता, पण मोर्चा, पाट्या, घोषणा हे सगळं त्यांनी नागरी हक्कांच्या चळवळीकडूनच उचललं होतं. सप्टेंबरमध्ये या संघटनेनेही शाळाबंद केला आणि पहिल्या दिवशी अडीच लाखांहून अधिक मुलं गैरहजर राहिली.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारीचा बंद मोठा होता, पण शहर झुकलं ते मार्चच्या मोर्चापुढे. सुरुवातीला वीसच्या आसपास शाळांच्या जोड्या करण्याची योजना होती. सप्टेंबर उजाडेपर्यंत संपूर्ण शहरात चारच जोड्या उरल्या. त्या चारांत पीएस १४९ आणि पीएस ९२ ही जोडी होती.

त्या सगळ्या आयांना वंशद्वेष्ट्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते खरंही होणार नाही. काहींना खरोखरच सहा वर्षांच्या मुलाला गर्दीचा रस्ता ओलांडून पाठवायची भीती होती. त्याच जॅक्सन हाइट्समध्ये या जोडणीला पाठिंबा देणारे गोरे पालकही होते. पण एक प्रश्न राहतोच. अंतर दहा मिनिटांचं होतं. पलीकडची शाळा गोऱ्यांचीच असती, तर एवढं अंतर कुणाच्या डोळ्यांवर आलं असतं का? ट्रेंटनमध्ये कृष्णवर्णीय मुलं घराजवळची शाळा सोडून रोज लांब जात होती, तेव्हा जवळच्या शाळेच्या हक्कासाठी गोऱ्या वस्तीतून मोर्चा निघाला नव्हता.

त्याच वर्षी, २ जुलै १९६४ ला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. ऐतिहासिक कायदा. पण त्यात एक बारीक कलम आहे. वंशभेद संपवणं म्हणजे काय, याची व्याख्या करताना कायदा म्हणतो, की 'वांशिक असमतोल' दूर करण्यासाठी मुलांची शाळा बदलणं त्यात धरायचं नाही. म्हणजे दक्षिणेत कायद्याने वेगळ्या ठेवलेल्या शाळा तो वंशभेद, आणि उत्तरेत वस्त्यांमुळे वेगळ्या पडलेल्या शाळा तो नुसता असमतोल. वस्त्या वेगळ्या पडल्या कशा, घरं कोणाला नाकारली गेली, हे त्या व्याख्येत बसलं नाही.

दहा वर्षांनी बॉस्टन. जून १९७४ मध्ये न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी तिथल्या शाळांतला वंशभेद जाणूनबुजून केलेला आहे, असा निकाल दिला. सप्टेंबरमध्ये कृष्णवर्णीयांचं रॉक्सबरी आणि आयरिश कामगारांचं साऊथ बॉस्टन यांच्यात मुलांची अदलाबदल सुरू झाली. पहिल्याच दिवशी मुलांच्या बसवर दगड पडले. बॉस्टनची ही दृश्यं सगळ्यांना माहीत आहेत. त्याच उन्हाळ्यात, २५ जुलैला, सर्वोच्च न्यायालयात काय झालं ते मात्र कमी लोकांना आठवतं. डेट्रॉईट शहरातल्या शाळांचा वंशभेद मोडायला भोवतालचे ५३ उपनगरी स्कूल डिस्ट्रिक्ट सामील करून घ्यावेत, असा खालच्या कोर्टांचा आदेश होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. उपनगरांनी स्वतः काही चूक केल्याचं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यांची हद्द ओलांडता येणार नाही, असा निकाल लागला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. डिस्ट्रिक्टच्या आतली रेषा हलू शकते. दोन डिस्ट्रिक्टमधली रेषा जवळजवळ हलत नाही. ज्याला परवडलं तो दुसऱ्या रेषेपलीकडे राहायला गेला आणि या वादातूनच सुटला. साऊथ बॉस्टनच्या गरीब गोऱ्यांना आणि रॉक्सबरीच्या गरीब कृष्णवर्णीयांना एकमेकांसमोर उभं केलं, आणि शहराबाहेरच्या हिरव्यागार गावांच्या वाट्याला बातम्या बघण्यापलीकडे काही आलं नाही. न्यू जर्सीत आज असे सुमारे ६०० डिस्ट्रिक्ट आहेत. त्यांच्या हद्दींमुळे शाळांत वंशभेद टिकून आहे, असा दावा करणारा खटला तिथे २०१८ मध्ये दाखल झाला. आणि आपण? आपण इथे घर शोधताना आधी काय बघतो? शाळेचं रेटिंग. मग किंमत, मग स्वयंपाकघर.

त्या रेटिंगला किती पैसे पडतात, तेही मोजून झालं आहे. सँड्रा ब्लॅक नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांतल्या घरांच्या किमतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी शाळेच्या हद्दीच्या अगदी जवळची, अलीकडची आणि पलीकडची घरं घेतली. गाव तेच, कर तोच, शेजार जवळपास तोच. फरक फक्त प्राथमिक शाळेचा. जिथे परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त, तिथे घराला लोक सुमारे २.५ टक्के जास्त मोजत होते. सहा लाख डॉलरच्या घरावर हे पंधरा हजार होतात. म्हणून रेषा सरकली की माणूस मुलाबद्दल बोलतो आणि मनात कर्जाचा हिशेबही करतो. हे लपवण्यासारखं नाही. आयुष्यभराची कमाई त्या घरात असते. पण ते कबूल केलेलं बरं, म्हणजे मुलाच्या खांद्यावर बंदूक ठेवायची वेळ येत नाही.

आता अगदी अलीकडे या. मेरीलँडमधली हॉवर्ड काउंटी. तिथलं कोलंबिया हे शहर जेम्स राऊज यांनी १९६७ मध्ये वसवलं. सगळ्या वंशांची आणि सगळ्या ऐपतीची माणसं शेजारी राहतील, हे स्वप्न समोर ठेवून त्यांनी ते आखलं होतं. शहराची पहिली वस्ती वाइल्ड लेक, शेवटची रिव्हर हिल. पन्नास वर्षांत दोन्हींत अंतर पडलं. रिव्हर हिलच्या बाजूला मोठी घरं, नावाजलेलं हायस्कूल आणि मोठ्या संख्येने आशियाई कुटुंबं. वाइल्ड लेकच्या हायस्कूलमध्ये सवलतीच्या जेवणावर असलेल्या मुलांचं प्रमाण जास्त. ऑगस्ट २०१९ मध्ये सुपरिंटेंडंटनी नवा नकाशा मांडला. काउंटीतल्या सात हजारांहून अधिक मुलांची शाळा बदलणार होती. उद्देश दोन. गर्दी कमी करायची आणि गरिबी थोड्याच शाळांत साचू द्यायची नाही. रिव्हर हिलच्या काही वस्त्यांना वाइल्ड लेककडे पाठवण्याचा प्रस्ताव त्यात होता.

मग सभा झाल्या, मोर्चे निघाले, पाट्या लागल्या, सुनावण्या मध्यरात्रीकडे सरकल्या. विरोधकांत चिनी, कोरियन, भारतीय पालक ठळकपणे दिसत होते. त्यांचं म्हणणं तुम्हाला ओळखीचं वाटेल. बसमध्ये मुलांचा वेळ जाईल. हायस्कूलच्या मध्यावर शाळा का बदलायची? मैत्र तुटेल. आम्ही पोटाला चिमटा काढून इथे घर घेतलं. मुलं हलवण्यापेक्षा कमी पडणाऱ्या शाळेला पैसे द्या. यातलं शेवटचं म्हणणं वजनदार आहे. पण बोर्डाला पाठवलेल्या पत्रांत काही पत्रं अशी होती की ती वाचून देशभरच्या वर्तमानपत्रांनी काउंटीची दखल घेतली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांबद्दल त्यांत जे होतं ते १९६४ मध्ये शोभलं असतं. अखेर नोव्हेंबरमध्ये बोर्डाने पाच हजारांहून अधिक मुलांची हद्द बदलली.

इथे जरा स्वतःकडे बघूया. आपल्याला 'जवळ' या शब्दाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आरटीईच्या नियमात बदल केला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट. म्हणजे गरिबाच्या मुलाला सांगितलं गेलं, तुझी जवळची शाळा ती, ही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. ती बातमी वाचताना इथल्या आपल्या बहुतेकांना निकाल योग्य वाटला असणार. तोच विचार आपल्या गल्लीतून जाणाऱ्या रेषेला लावायचा म्हटलं की मात्र जीभ अडखळते.

हद्दबदलाला विरोधच करू नका, असं मला म्हणायचं नाही. काही नकाशे खरोखर वाईट असतात. लहान मुलांना तासभर बसमध्ये बसवणारे असतात. दर तीन वर्षांनी त्याच वस्तीला हलवणारे असतात, आणि अशी वस्ती बहुधा भाड्याच्या घरांची असते, कारण तिथून मीटिंगला कुणी येऊ शकत नाही. विरोध जरूर करा. फक्त माइकसमोर उभं राहण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. नवी शाळा खरोखर किती लांब आहे, ते मी गाडीने जाऊन पाहिलं आहे का? ती शाळा मी आतून पाहिली आहे का, की फक्त रेटिंगचा आकडा वाचला आहे? आणि माझं घर रेषेच्या पलीकडे असतं, तर हेच भाषण मी केलं असतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर बिनधास्त बोला.

शेवटी पुन्हा जॅक्सन हाइट्स. २०२० च्या साथीत न्यूयॉर्कने तिथल्या चौतिसाव्या ॲव्हेन्यूवर गाड्यांची वर्दळ बंद केली आणि तो रस्ता मुलांना खेळायला खुला केला. सव्वीस ब्लॉक. तिथे सायकली शिकतात, बुद्धिबळ खेळतात, आज्या खुर्च्या टाकून बसतात. कधी गेलात तर एकोणसत्तराव्या रस्त्यापासून पूर्वेकडे चालत राहा. पीएस १४९ वरून जाल. थोडं पुढे तो खुला रस्ता संपतो, नेमका जंक्शन बुलेवार्डला. तिथे थांबू नका. सिग्नल बघा, रस्ता ओलांडा आणि पीएस ९२ पर्यंत जाऊन या. किती मिनिटं लागली ते आम्हाला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.